बायकोच्या घरी पाच दिवस

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा हस्तलिखित दिवाळी अंक निघतो आणि त्यातली प्रवासवर्णनाची चार पानं गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहेत. युरोप झाला, काश्मीर झालं, केरळ झालं, एका वर्षी गुडघा दुखत होता तेव्हा नुसतंच महाबळेश्वर झालं. जिथे गेलो नाही त्याबद्दल लिहायचं नाही आणि जिथे गेलो तिथे काय खाल्लं ते लिहायला विसरायचं नाही, एवढ्या भांडवलावर माझी गाडी चालते. यंदा मी वारज्याला गेलो होतो. संपादकांना हे सांगितलं तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले की, लेले, सदाशिव पेठेतून वारज्याला जाण्याला पुण्यात अजून तरी प्रवास म्हणत नाहीत. मी त्यांना सांगितलं की मी बॅग भरून गेलो होतो, पाच दिवस राहिलो, तिथल्या चालीरीती निराळ्या होत्या आणि तिथल्या लोकांच्या मनात काय आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. युरोपात तरी याहून वेगळं काय झालं होतं?

तेव्हा मुद्द्याचं आधी सांगतो. वारज्याला माझी बायको राहते. मी सदाशिव पेठेत राहतो. आमचं भांडण झालेलं नाही.

शैला शाळेत गणित शिकवायची. नोकरीत असताना तिने वारज्याला एक छोटा फ्लॅट घेऊन ठेवला होता, तो बरीच वर्षं भाड्याने दिलेला होता. मार्चमध्ये भाडेकरू सोडून गेला. मी म्हणालो, जाहिरात देतो. ती म्हणाली, नको, भाडेकरू मिळालाय. कोण, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मी." मी हसलो, कारण तिचे विनोद असेच कोरडे असतात. आठ दिवसांनी दोन बॅगा घेऊन ती खरोखरच गेली. कारण काय, तर म्हातारपण स्वतःच्या सोयीनं काढायचंय. ती एकोणसत्तरची आहे, मी चौऱ्याहत्तरचा, आणि सेहेचाळीस वर्षांच्या संसारात सोय हा शब्द तिच्या तोंडी मी फक्त दुसऱ्यांच्या संदर्भात ऐकला होता.

त्यानंतर लोक विचारायचे आणि मी गोंधळायचो. बंगळूरची आमची मुलगी म्हणाली, बाबा, आई काही पळून गेलेली नाही, रोज फोन करते ना तुम्हाला? करते. गौरी-गणपतीला आली, मोदक केले, सगळं सोवळंओवळं सांभाळलं, आणि गौरी गेल्यावर बॅग उचलून परत वारज्याला गेली. म्हणजे ती गेलेली आहे की गेलेली नाही, हे मला ठरवता येईना.

अशात आमच्या इमारतीतले पाण्याचे जुने पाइप बदलायचं निघालं. पाच दिवस पाणी बंद. शैलाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग इकडे या. मंगळवारी दुपारी या आणि शनिवारी सकाळी जा." आमंत्रणातच परतीची तारीख घातलेली मी आजवर लॉजच्या पावतीवरच पाहिली होती. तरीही मला आनंद झाला. सकाळच्या फिरण्यानंतर आम्ही पाच-सहाजण एका कट्ट्यावर बसतो, तिथे मी जाहीर करून टाकलं की वारज्याला चाललोय आणि येताना तिला घेऊनच येतो. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यातल्या दोघांच्या माना संशयाने हलल्या, हे मला दिसलं.

मंगळवार: मंडई, मग वारजे

रिकाम्या हातानं कोणाकडे जाऊ नये हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, पण बायकोकडे जाताना काय न्यायचं हे कोणी शिकवलेलं नाही. पेढे नेले तर ती विचारणार, कोण पास झालं. फुलं नेली तर मला वेड लागलं असं वाटणार. शेवटी पाय आपोआप मंडईकडे वळले. भाजी आणणं हे माझं खातं आहे आणि त्यात मी कोणाचं ऐकत नाही. कोवळी मेथी कशी ओळखायची, वांगं हातात घेऊन वजनावरून कसं पारखायचं, यावर मी तासभर बोलू शकतो आणि बोललोही आहे. तिथल्या नेहमीच्या मावशींनी विचारलं, "वैनी बऱ्या हायत का? लई दिसांत दिसल्या न्हाईत." मी म्हणालो, बऱ्या आहेत, गावाला गेल्यात. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, लहान पानांच्या, मातीच्या वासाच्या, अशा की बघणाऱ्यानं वळून बघावं.

बसच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही, कर्वेनगरला जागा मिळाली एवढं पुरे. वारज्यात तिच्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं वही पुढे केली. नाव, कुठून आलात, कोणाकडे आलात, कारण. पहिले तीन रकाने भरले आणि चौथ्यापाशी पेन थांबलं. वरच्या ओळींत लोकांनी पार्सल, गॅस, फ्रिज दुरुस्ती, पाहुणे असं लिहिलेलं होतं. मागे एक पार्सलवाला उभा राहून घड्याळ बघायला लागला. मी "पाहुणे" लिहिलं. मग पहारेकऱ्यानं वर फोन लावून विचारलं, "मॅडम, लेले म्हणून एक आजोबा आलेत मेथी घेऊन. सोडू का?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते यायला जरा वेळ लागला असं मला वाटलं. पॅरिसच्या विमानतळावरसुद्धा मला एवढं ताटकळत ठेवलं नव्हतं.

दार शैलानेच उघडलं. "या, बसा," म्हणाली, आणि तांब्याभांडं आणायला आत गेली. मी बसलो. आपण घरी जसे अंग टाकून बसतो तसं नाही, खुर्चीच्या कडेवर, पाय जुळवून. घर लख्ख होतं. दोन खुर्च्या, एक टेबल, एक दिवाण, एक कपाट. आमच्या पेठेतल्या घरात पिशव्यांची पिशवी आहे, दोऱ्यांचा डबा आहे, कोणाच्या तरी लग्नात मिळालेली आणि कधीच न उघडलेली भांडी आहेत. इथे साठवलेलं असं काहीच नव्हतं. मी मेथी पुढे केली. तिनं जुडी हातात घेऊन वास घेतला, मनापासून छान आहे म्हणाली, आणि पुढे म्हणाली की आता मी पालेभाजी निवडत नाही, फ्रिजमध्ये ठेवा. निवडत नाही म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. सिगारेट सोडल्यासारखं तिनं ते सांगितलं होतं.

रात्रीचं जेवण तिथे संध्याकाळी साडेसहाला असतं. वरणभात, तूप, लिंबाची फोड आणि एक भाजलेला पापड. आपल्या ताटाला डावी बाजू असते, चटणी असते, कोशिंबीर असते, काही नाही तर लोणचं तरी असतं. या प्रदेशात ताटाला बाजूच नसतात. मी जरा वेळ वाट पाहिली आणि मग बाकी काय आहे, असं विचारलं. "बाकी काय?" असं तिनं परत मलाच विचारलं आणि भात कालवला. वरण मात्र उत्तम होतं, जिऱ्याचं, आणि ते मी तीनदा घेतलं. झोपायची व्यवस्था बाहेरच्या खोलीत दिवाणावर होती. आतली खोली तिची आहे.

बुधवार: तिथली वेळ

मी पाचला उठतो. आमच्या घरी दिवस पाचला सुरू होतो हे मी पाहुण्यारावळ्यांना अभिमानानं सांगत आलोय, कारण त्या वेळेला स्वयंपाकघरात दिवा लागलेला असायचा आणि चहाचा वास यायचा. वारज्याला पाच वाजले, सहा वाजले, सात वाजले, तरी आतल्या खोलीचं दार बंद. मला काळजी वाटायला लागली. चहा आपणच करावा म्हणून ओट्याशी गेलो तर शेगडीला बटण नव्हतं, ज्योत नव्हती, नुसती काळी काच होती. तिच्यावर बोट ठेवलं की ती टुकटुक करायची आणि परत शांत व्हायची. चार वेळा टुकटुक झाल्यावर मी नाद सोडला आणि कालचं वर्तमानपत्र पुन्हा वाचलं.

पावणेआठला शैला उठली, ताजीतवानी. बरं नाही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, मी रोज याच वेळेला उठते. मग चहा गाळता गाळता तिनं सांगितलं की तिला पहाट कधीच आवडली नाही. डबे होते म्हणून उठायची, नंतर माझा चहा होता म्हणून. मी हिशेब करत बसलो की एवढ्या वर्षांत ती पाचला उठली नाही असा दिवस कोणता, आणि मला फक्त बाळंतपणं आठवली.

आता या प्रदेशातल्या लोकांचा दिनक्रम सांगतो. नऊला नाश्ता. त्यानंतर शैला बाल्कनीत खुर्ची टाकून बसते. तिथून उड्डाणपूल दिसतो, त्यावरून मुंबई-बंगळूरची मोठमोठी वाहनं जातात. ती बघत बसते. मी आतून पाहत होतो की ही आता काय काढणार. वही, विणकाम, वाद्य, निदान पोथी. मी मनाची तयारी करून गेलो होतो की तिनं काहीतरी सुरू केलं असणार, संस्कृत किंवा चित्रकला, ज्यासाठी माणूस वेगळं राहतो आणि ज्याचं नंतर वर्तमानपत्रात छापून येतं. तसं काही निघालं असतं तर मला समजलं असतं. मी लोकांनाही सांगू शकलो असतो. पण अकरा वाजले तरी तिनं काहीच काढलं नाही. काय बघतेस, म्हणून विचारलं तर म्हणाली, काही नाही. आणि ते खरं होतं. ही बाई मला सोडून इथे काहीही न करण्यासाठी आलीय, हे लक्षात आल्यावर मी रागावू की घाबरू, मला कळेना.

दुपारनंतर डोकं मोकळं करायला एकटाच बाहेर पडलो आणि परत येताना चुकलो. तिथल्या सगळ्या इमारती एकाच रंगाच्या आहेत. एका फाटकावर मी पहारेकऱ्याशी बराच वाद घातला की तिसऱ्या मजल्यावर माझी बायको राहते, मला सोडा. त्यानं विचारलं, सोसायटीचं नाव काय? मला माहीत नव्हतं. घरात आम्ही त्याला कायम वारज्याचा फ्लॅट असंच म्हणत आलो. मंडईतल्या भाजीवाल्याची सासुरवाडी मला माहीत असते, पण बायकोचा पत्ता मला सांगता आला नाही. पहारेकरी माझ्याकडे असा बघत होता की आता हा कोणाला तरी फोन करून मला त्यांच्या ताब्यात देणार.

मग मीच शैलाला फोन केला. ती घ्यायला येईल असं मी गृहीत धरलं होतं. तिनं समोर कोणतं दुकान आहे ते विचारलं, तिथून डावीकडे वळा, पिंपळाच्या झाडापाशी रस्ता ओलांडा, पांढऱ्या फाटकाचं नाव वाचा, असं सावकाश सांगितलं आणि फोन ठेवला. आठवीच्या मुलांना भूमितीचं प्रमेय ती याच आवाजात सांगत असणार. मी बरोबर पोहोचलो आणि फाटकावरचं नाव माझ्या वहीत लिहून घेतलं.

गुरुवार: मेथी

सकाळी फ्रिज उघडला तर मेथी मान टाकायला लागली होती. एवढी देखणी मेथी डोळ्यांदेखत वाया जाणं मला सहन होईना. शैला बाल्कनीत होती. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सुरी घेतली आणि जुड्या मुळापासून वरपर्यंत बारीक चिरायला घेतल्या. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या लताताई वाटीत काहीतरी घेऊन आल्या. पस्तिशीच्या असतील, मूळच्या वर्ध्याकडच्या, नवरा चाकणला कारखान्यात आहे. त्यांनी मला विचारलं, "मॅडमचे भाऊ काय जी तुम्ही?" मी म्हणालो, मिस्टर. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा दिवाणावरच्या माझ्या घडी घातलेल्या चादरीकडे पाहिलं. मग त्यांची नजर सुरीवर गेली आणि बाकी सगळं त्या विसरल्या.

मेथी अशी चिरत नाहीत, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. एकेक काडी हातात घ्यायची, पानं खुडायची, शेंड्याकडचा कोवळा देठ ठेवायचा, खालचा जून टाकायचा, पिवळं पान बाजूला करायचं. लताताईंनी समोर बसून शिकवलं. उरलेल्या दीड जुडीला मला दीड तास लागला. पाठ धरली, बोटं हिरवी झाली, आणि मूठभर टोपलीत जमलं. मी आयुष्यभर ज्या जुड्या विजयी वीरासारखा घरी आणून ओट्यावर टाकायचो, त्या प्रत्येकीमागे कोणाचा तरी असा एक तास होता. लहान पानांची कोवळी मेथी मला आवडते. पानं जितकी लहान तितकी निवडायला जास्त, एवढं साधं गणित कोणी मला सांगितलं नाही, आणि घरात तर गणिताच्या शिक्षिका होत्या.

निवडता निवडता लताताई बोलत होत्या. मॅडमची तब्येत आता बरी आहे, चांगलं झालं तुम्ही आलात, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, तब्येतीला काय झालं होतं? तेव्हा कळलं की श्रावणात शैलाला चार दिवस सडकून ताप होता. रोज रात्री तिचा मला फोन यायचा, त्या चार दिवसांतही आला असणार, आणि ती काही बोलली नाही.

"मी म्हटलं, सरले फोन करू काय," लताताई म्हणाल्या. "तर मॅडम म्हणे, नको, ते आले तर मलेच उठून चहा करा लागन."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या घाईनं म्हणाल्या की हसून म्हटलं हो मॅडमनं, रागानं नाही. मग वाटी ठेवून त्या गेल्या. वाटीत लालभडक झुणका होता. दुपारी जेवताना शैलानं तो मला वाढला आणि मी तो खाल्ला, पण चव काही लिहिता येणार नाही, कारण ती कळली नाही. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच मनात येत होतं.

मला वाईट वाटलं. वाईट म्हणजे सत्तरीनंतर माणसाला जे सारखं बारीक बारीक वाटत असतं तसं नाही. कोणीतरी दारातून परत पाठवल्यासारखं वाटलं. मी तिचं काय वाईट केलं? व्यसन नाही, हात उचलला नाही, कधी तिच्या पगाराला हात लावला नाही. उलट चहा चांगला झाला की चांगला झाला म्हणायचो. दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या ते लक्षात आलंय की नाही, हेही मला कळलं नाही.

शुक्रवार: बाल्कनी

दुसऱ्या दिवशी नऊनंतर मी दुसरी खुर्ची उचलली आणि बाल्कनीत तिच्या शेजारी नेऊन ठेवली. पुलावरून एक मोठा ट्रक गेला, त्याच्या पाठीवर नव्या मोटारी रचलेल्या होत्या. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघांनी पाहिलं. मग मी विचारलं.

"ताप आला होता, मला सांगितलं का नाहीस?"

"लता बोलली वाटतं," ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "तुम्ही आला असता. बॅग घेऊन, मोसंबी घेऊन आला असता. उशाशी बसून विचारलं असतंत, बरं वाटतंय का, आणि मग विचारलं असतंत, चहापत्ती कुठे आहे."

अगदी याच क्रमानं मी विचारलं असतं.

मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी आलो होतो. परत कधी येणार आहेस? ती चिडली नाही. फळ्यावरचं चुकलेलं उदाहरण बघावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी तुमच्यावर रागावून आलेली नाही हो. रागावले असते तर तिथेच राहिले असते, त्याची मला सवय आहे. तिथे मी सकाळपासून कोणाची तरी वाट बघायची, नाहीतर कोणीतरी माझी. इथे कोणी वाट बघत नाही. मला ते फार आवडतं."

"आणि मी?"

"तुम्ही बरे आहात की. गेल्या चार दिवसांत आपण जेवढं बोललो तेवढं चार वर्षांत बोललो नव्हतो."

आता याचा अर्थ काय घ्यायचा? मी तिला आवडतो, पण सात-आठ किलोमीटरवरून? मला अपमान झाल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी, का कोण जाणे, छानही वाटलं, आणि या दोन गोष्टी एकदम कशा वाटू शकतात हेही कळलं नाही. मी म्हणालो, लोकांना काय सांगायचं? ती म्हणाली, लोकांना मी काय सांगायचं ते मी बघते, तुमचं तुम्ही बघा. मग तिनं मला उलट विचारलं की तुम्हाला तुमचे दिवस कसे काढायचेत? मला काय हवं, तर सगळं होतं तसं हवं. त्यात माझं असं काय आहे, हे मला सांगता आलं नाही. मला भाजी कोणती आवडते हे पेठेतल्या पाच माणसांना माहीत आहे, पण मला दिवस कसा आवडतो याचा मी कधी विचार केला नव्हता. तिनं केला होता, बहुधा डबे भरता भरता, आणि तो मला कधी ऐकू आला नव्हता.

उत्तराऐवजी मी उठलो आणि मेथी करायला घेतली. काळी काच कशी पेटवायची ते तिनं खुर्चीतूनच सांगितलं. आधी मुगाची डाळ भिजत घातली. दुपारनंतर फोडणी केली, लसूण काळा झाला, तो काढून पुन्हा घातला. धूर बाल्कनीपर्यंत गेला असणार, पण ती आत आली नाही. मी ओरडून विचारलं, मीठ किती? बाहेरून उत्तर आलं, चवीपुरतं. साडेसहाला आम्ही जेवलो. भाजी खारट झाली होती आणि डाळ एका बाजूला कच्ची होती. शैलानं दोनदा घेतली आणि म्हणाली, "बरी झालीय." पुण्यात याहून वरचं प्रशस्तिपत्र मिळत नाही. मी एवढा खूश झालो की मला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवार: परत

आठला उठून तिनं चहा केला. काच मला जमायला लागली होती, पण पत्तीचा डबा सापडेपर्यंत ती उठलीच. पेठेतून फोन आला की पाणी सुरू झालंय. मी बॅग भरली. खरं तर ठरवून ठेवलेलं एक वाक्य माझ्याकडे होतं, की चल, आता पुरे झालं, आणि ते बोलायला जागा कुठेच सापडली नाही. कट्ट्यावर काय सांगायचं, याचाच विचार करत मी दारात वहाणा घातल्या. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेला नवरा पाच दिवस राहून बायकोच्या घरातून निघतो तेव्हा कोण कोणाला काय म्हणतं, याची रीत मला माहीत नव्हती.

शैला म्हणाली, थांबा. आत गेली आणि वाटीत दही घेऊन आली. मी हात पुढे केला. तिनं नेहमीसारखं चमचाभर दही माझ्या तळहातावर घातलं, मी ते चाटलं, हात धोतराला पुसायचे दिवस गेले म्हणून रुमालाला पुसला, आणि जिना उतरलो. फाटकावर पहारेकऱ्यानं जाण्याची वेळ लिहायला सांगितली, ती लिहिली.

बसमध्ये खिडकीजवळ बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला, पण अर्धवटच. कारण पाहुण्याच्या हातावर कोणी दही घालत नाही. पाहुण्याला निरोप देतात. दही घरातून बाहेर पडणाऱ्या घरच्या माणसाला, त्यानं सुखरूप याच घरी परत यावं म्हणून. निघताना गणपतीच्यासुद्धा हातावर आपण ते त्याचसाठी घालतो. म्हणजे तिनं मला तिच्या घरचं धरलं की काय? की हात आपोआप चालला? परत फिरून विचारावं असं वाटलं, तोवर बस कर्वेनगरला आली होती.

मी मुलाखतीला निघालो तेव्हा तिनं दही घातलं होतं. युरोपला निघालो तेव्हा घातलं होतं. मुलगी बारावीच्या परीक्षेला निघाली, बंगळूरला निघाली, तेव्हा घातलं. सगळ्यांच्या हातावर तीच घालायची, त्यामुळे ते घालायचं काम कोणाचं असतं हा प्रश्नच आमच्या घरात कधी आला नाही.

मार्चमध्ये ती दोन बॅगा घेऊन निघाली तेव्हा मी दारात उभा होतो. रिक्षा खाली आली होती. मी तिला म्हणालो, किल्ली घेतलीस ना, आणि ती म्हणाली, हो. दही होतं घरात. आदल्या रात्री तिनंच विरजण लावून ठेवलं होतं, मला दोन-तीन दिवस पुरेल एवढं. दुपारी मी ते भाताबरोबर खाल्लं.